तीन तिकिटं काढ

धाकटीच्या मनगटावरचा कागदी पट्टा मालकिणीनं दोन बोटांनी ओढला. तटकन तुटला.

"कचऱ्यातला पट्टा बांधून आत निघाली बघा महाराणी!"

ती हसली. तिची सगळी माणसं हसली. अन् मी काय केलं? माझ्याच पोरीच्या गालावर सणकन चापट दिली. कुणी सांगितलं नव्हतं. मालकीण चिडायच्या आत आपणच मारावं, म्हणून मारली.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जागा लांबची, पार पुण्याच्याही पुढची. आभाळाएवढे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या. मालकाच्या जीपमधून आम्हाला नेलं होतं. फिरायला नाही हो, त्यांची नातवंडं सांभाळायला. माझ्या दोघी पोरी सोबत होत्या. ठेवणार कुणापाशी? माझी लेक, या पोरींची आई, धाकटीच्या बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं घर केलं. तवापासून आई मीच अन् बापही मीच. पोरी मला आईच म्हणतात. तेलगावजवळ मालकाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एका खोलीत राहतो. गोठा माझ्याकडं.

तर दारात पोचलो अन् मालकीण म्हणली, "मावशे, तू हितंच बस. चपला बघ, पिशव्या बघ. आत काय काम तुझं?"

बसलो. आतून किंकाळ्या यायच्या, हसायचे आवाज यायचे. धाकटी दर घडीला विचारायची, "आपण कवा जायचं?" दुपारी मालकाचा नातू बाहेर आला, मनगटावरचा तिकिटाचा पट्टा ओरबाडून फेकला. धाकटीनं उचलला. थोरलीनं तो थुंकी लावून तिच्या हाताला चिकटवला. एवढंच.

परतताना जीपच्या मागच्या बाकावर धाकटी माझ्या कानात म्हणली, "आई, म्या काय चोरलं?"

माणूस लई भ्यालं की आपल्याच लेकराला मारतं, हे त्या बाकावर कळलं. इतकं वय गेल्यावर.

घरी आल्यावर म्हणले, "आपण जायचं. आपलं आपण."

म्हणायला काय लागतं! मी एकटी गेलते कुठं? नारायणगडाची जत्रा अन् अंबाजोगाईचा दवाखाना. झालं. वाचायला शिकले ती पोरींच्या पुस्तकातून. गाडीवरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत गाडी निघून जाते. भलत्याच गावात उतरलो तर? गर्दीत एकीचा हात सुटला तर? शेण भरता भरता हेच मनात यायचं. घमेलं तिथंच टेकवून उभी राहायची.

तरी सालभर तयारी केली. थोरली मोबाईलवर बघून सांगायची. काही पाळण्यांना उंची लागते म्हणं. मग चौकटीला खडूनं रेघ ओढली. धाकटी टाचा उचलून उभी.

"टाचा टेकव गं, लबाडे!"

भाकरी आत नेऊ देत नाहीत, हे ऐकून तर मी म्हणले, "मग दिसभर उपाशीच वरडत्यात व्हय लोकं?" पोरी लोळून हसल्या.

तिकिटं काढायच्या दिवशी थोरली म्हणली, "दोनच काढू ना, आई? तू भाईर बसशील."

सहज म्हणली हो ती. बारा वर्षांच्या पोरीनं माझी जागा ठरवून टाकली होती. दाराबाहेर, चपलांपाशी. शिकवलं कुणी? मीच.

"तीन काढ," म्हणले.

गोष्ट मालकापर्यंत गेली. ओसरीवर बोलावणं आलं. धाकटी माझ्यासंगं आली. चार माणसं बसलेली.

"मावशे, पाळण्यात बसायला निघालीस म्हणं?"

हशा झाला. मी म्हणले, "जी, दादा."

"त्याच दिवशी पाव्हणे हायेत. गोठा कोण बघंल?"

"शेजारणीला सांगितलंय, दादा."

"अगं, एकटी बाई तू, त्यात म्हातारी. पोरी हरवल्या तर कुणाला तोंड दावशील? गप घरी बस. अन् जायचंच आसंल तर खोली रिकामी करून जा."

सवयीनं दोन्ही हात जोडायला वर निघाले. चुकलं म्हणणार होते मी, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात शेजारी बघितलं. धाकटीनं गालावर हात धरले होते. दोन्ही हातांनी गाल झाकून माझ्याकडं बघत होती. मालकाकडं नाही. माझ्याकडं.

माझे हात खाली आले.

"जाणार हाय, दादा. पोरींना घिऊन जाणार. खोलीचं तुमी ठरवा."

"म्हातारीला शिंगं फुटली बे!" एकजण म्हणला. या वेळी हसलं कुणी नाही.

उद्या सकाळची गाडी आहे. जुन्या लुगड्याच्या तीन चिंध्या फाडल्यात. आमच्याकडं जत्रेत लेकराच्या हाताला आईच्या लुगड्याची चिंधी बांधतात. लेकरू हरवलं तर त्या रंगाचं लुगडं हुडकायचं, आई सापडते. पोरींच्या दोन चिंध्यांवर पेनानं माझा फोन नंबर लिहिला. माझ्या हातानं. अक्षर वाकडं आहे, आकडे बरोबर आहेत. तीनदा तपासले.

भीती गेली म्हणू? नाही गेली. परत येऊ तवा दाराला मालकाचं कुलूप असंल, भांडी अंगणात पडलेली असतील. असू द्या. भांडी उचलीन, दुसरा गोठा बघीन. पण कुणाच्या धाकानं हा हात पोरीवर पुन्हा उठणार नाही. अन् त्या दाराबाहेर मी बसणार नाही.

तिसरी चिंधी माझी. त्या पट्ट्यासारखी मनगटाला बांधली. एका हातानं गाठ बसंना. दातात धरून आवळली.