चेलोची चीर

मिरजेचे तंबोरे करणारे चाचा समोरची वस्तू आधी बोटानं वाजवून बघतात, मग बोलतात. भोपळा, फळी, काहीही. एकदा माझं पोट वाजवून म्हणाले, "ओलं हाय अजून, वाळवावं लागंल."

साताऱ्याहून येताना लेकीचा चेलो, म्हणजे बसून वाजवायचं ते भलंमोठं व्हायोलिन, मीच हौसेनं जीपच्या टपावर बांधला आणि त्याला चीर पाडली. कार्यक्रम चार दिवसांवर, सांगलीत. लेक माझ्याशी बोलेना. चाचांनी सरस भरून चीर जोडली.

"वाजवणार काय, पोरी?"

"फ्रेंच कवितांवरचा कॉन्चेर्टो, वाद्यवृंदासोबतची मोठी रचना. नवा आहे, फार जोर लागतो. मध्येच जोड सुटला तर?"

"मी येतो की ऐकायला."

आले, आणि पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले. अशा संगीतात टाळ्या सगळे भाग संपल्यावरच वाजवतात, हे मला कुठं ठाऊक; पहिला भाग संपताच टाळ्या वाजवणारा अख्ख्या सभागृहात मी एकटाच होतो. लेकीनं डोळे वटारले. चाचा हललेही नाहीत.

शेवटचा खोल सूर विरला आणि सगळं सभागृह उभं राहिलं. लेक माझ्याकडे बघून हसली. मी रडत होतो.

चाचांनी डोळे उघडले. "जोड धरला," म्हणाले, आणि हळूच माझं पोट वाजवून बघितलं.

"आज हे बी सुरात हाय."