चार भागांतला नवरा

राज्यांची पुनर्रचना होऊन आमच्या शहरातल्या कचेऱ्या भोपाळला हलणार हे नक्की झालं, तेव्हा दाना ओली या आमच्या गल्लीतल्या वाचक मंडळाला वेगळीच काळजी पडली. पुण्याहून मागवलेली रहस्यकादंबरी नुकतीच आली होती. प्रत एक, सभासद आठ, आणि त्यातले निम्मे सरकारी नोकर. बांधाबांध सुरू व्हायच्या आत ती सगळ्यांची वाचून कशी व्हायची?

तोडगा मंडळाच्या चिटणीसकाकांनी काढला. ते बाबांच्याच कचेरीत दफ्तर सांभाळत. फायली उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी कादंबरी उसवली, चार भाग केले आणि चिठ्ठ्या टाकून दोघांत एक असे वाटले. दर रविवारी बैठक, एक रविवार सोडून अदलाबदल. रहस्यकादंबरी अशी वाचत नाहीत, असं मी म्हणून पाहिलं; पण मॅट्रिकच्या मुलीचं कोण ऐकतं?

कादंबरीतल्या बाईच्या वस्तू घरातून नाहीशा होत असतात, नवरा म्हणतो तूच विसरतेस, आणि हळूहळू तिचा स्वतःवरचा भरवसा उडतो. पहिल्याच रविवारी मंडळात फूट पडली. दुसरा भाग वाचलेल्यांनी तिला रिकाम्या कपाटाशी भांडताना पाहिलं होतं, म्हणून ती ठार वेडी. तिसरा वाचलेल्यांनी नवऱ्याला तांदळाच्या डब्यात किल्ल्या लपवताना पाहिलं होतं, म्हणून तो फासावर द्यायच्या लायकीचा. पहिला भाग वाचलेल्यांच्या हिशेबी त्या दोघांचं लग्न अजून व्हायचं होतं, त्यामुळे हे भांडण कशावरून चाललंय तेच त्यांना कळेना. शेवटचा भाग अजून एकट्या वैद्यबुवांनी वाचला होता. त्यांना गणपतीची शपथ घालून गप्प बसवलं होतं, तरी जो तो मुद्दा मांडून त्यांच्या तोंडाकडे बघे. ते बिचारे वारा घ्यायच्या विंझण्याआड तोंड लपवून बसून राहत.

आमच्या घरात दोन सभासद होते. बाबांकडे दुसरा भाग, आईकडे तिसरा. जेवताना पानावर बसल्याबसल्या खटला चाले. बाबा म्हणत, ती बाई पागल आहे, नवरा बिचारा किती सांभाळून घेतो. आई त्यांना वाढत राही.

तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. जयेंद्रगंजातल्या मुलींच्या शाळेत तिला नुकतंच कायम केलं होतं, किती वर्षं वाट पाहिल्यावर. बाबांचा भोपाळला तबादला झाला, की ती नोकरी संपली. आणि तिने बाबांच्या कोटाच्या खिशात एक सरकारी लिफाफा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. विचारलं तर बाबा म्हणाले, कसला लिफाफा? तुला भ्रम झाला असेल. मीही बाबांचीच री ओढली. आई हल्ली फार विसरते, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. त्याची लाज मला आजही वाटते.

आई खिसे तपासायला लागली, तेव्हा बाबांनी लिफाफ्यातल्या कागदासाठी नवी जागा शोधली: आपला दुसरा भाग. पाळी येईपर्यंत दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही असा मंडळाचा नियम होता, आणि आई नियमाची पक्की. बाबांचा बेत तसा चोख होता. फक्त परत देण्याआधी कागद काढून घ्यायला ते विसरले. भाग परत घेताना चिटणीसकाका थुंकी लावून एकेक पान मोजत.

अदलाबदलीच्या रविवारी त्यांनी तसंच मोजलं. मधूनच एक घडी केलेला कागद गळून पडला. कचेरीच्या सवयीने काकांनी तो उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. बाबांचं नाव, भोपाळ, पुढच्या महिन्यात हजर व्हावे. हुकूम दोन आठवड्यांपूर्वीचा होता. भोपाळपाशी पोचल्यावर काकांचा आवाज आपोआप खाली आला.

आई म्हणाली, "म्हणजे लिफाफा होता."

बाबा सतरंजीकडे बघत होते. "तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, मी येत नाही."

"ते तर मी आत्ताही म्हणतेय."

वैद्यबुवांनी तोंडासमोरचा विंझणा खाली ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कादंबरीचाही शेवट कळला. मला बाबांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली. एवढा मोठा माणूस, आणि बायकोच्या एका 'नाही'ला इतका भ्याला होता.

बाबा एकटेच भोपाळला गेले. आईची नोकरी राहिली. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं: खोली मिळाली आहे, जेवणाचे हाल आहेत, रिकामा वेळ फार; तर कादंबरीचे राहिलेले दोन भाग टपालाने पाठवावेत. निम्मं मंडळ भोपाळला गेल्यामुळे तिसरा आणि चौथा दोन्ही भाग तेव्हा आईकडेच होते. तिने ते फडक्यात बांधून कपाटात ठेवले, किल्ली कमरेला खोचली आणि मला पोस्टकार्ड आणायला सांगितलं. त्यावर तिने लिहिलं, "भाग पाठवणार नाही. इथे येऊन, माझ्यासमोर बसून वाचावेत."

पुढच्या शनिवारी बाबा आले.