माझी होडी आणि अण्णांची कानस

आमच्या शेजारच्या अण्णांचा धर्मावर जितका गाढ विश्वास, तितकाच गाढ अविश्वास दुकानात मिळणाऱ्या नट-बोल्टांवर. सांगलीतल्या एका अवजारांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म लेथवर काढला. निवृत्तीनंतर लेथ सुटला, मापं घेणं काही सुटलं नाही. लोक शर्टाच्या खिशात चष्मा ठेवतात, हे व्हर्निअर ठेवतात. एकदा जेवताना भाकरीची जाडी मोजून वहिनींना म्हणाले, "डाव्या अंगाला अर्धा मिलिमीटर जास्त हाय." त्या दिवशी पुढची भाकरी त्यांना स्वतःच थापावी लागली.

अशा माणसाच्या शेजारी मी लोणंदच्या भंगारवाल्याकडून ॲल्युमिनियमची जुनी होडी आणून ठेवली, म्हणजे बघा! मला नुसतं कृष्णेत गळ टाकून बसायचं होतं. अण्णांना मात्र घबाड सापडलं. वल्ही अडकवायच्या कड्या, फळीचे कोन, बुडातल्या भोकाचं बूच, सगळं त्यांनी कानस घेऊन हातानं घडवलं. बूच तर सात वेळा केलं. सहावं मला उत्तम वाटत होतं. "आवं सर, वाटून काय उपेग? पानी आत आलं न्हाई पायजे!" प्रत्येक पार्ट आधी पुठ्ठ्याचा, मग पत्र्याचा, हा त्यांचा नियम, आणि पुठ्ठा म्हणजे घरात आलेल्या लग्नपत्रिका. एका लग्नाला आम्ही दोघं फेटे बांधून पोचलो, तर कार्यालयात भांडी घासणं चाललं होतं. तारखेच्या तुकड्याचा अण्णांनी वायसर कापला होता.

एकच गोष्ट ते करत नसत. गळाची काठी उभी राहायला कडेला एक नळी बसवून द्या, असं मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. अण्णा जैन, पाणी गाळून पिणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे. "होडीचं काय बी सांगा. गळाचं तेवढं सांगू नका," म्हणाले. मी पुन्हा विषय काढला नाही. काठी हातात धरून बसायचो.

मग गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, उजव्या हातातली ताकद आली नाही. काठी धरली की निसटून पाण्यात. होडी विकून टाकतो, असं एका सकाळी अण्णांना म्हणालो आणि त्यांच्यासमोरच रडलो. त्यांनी खिशातून व्हर्निअर काढलं, काठीची जाडी मोजली आणि ते घरी गेले.

चार दिवसांनी होडीच्या कडेला चकचकीत नळी बसली होती, आतून रबर लावलेली. "काठीला आधार केलाय," एवढंच म्हणाले. पुढे वहिनींच्या बोलण्यातून कळलं. उपासाची ना अष्टमी, ना चतुर्दशी, तरी ते चारही दिवस अण्णा एक वेळच जेवले होते.

सख्ख्या भावानं माझ्यासाठी एवढं केलं नसतं. आता रोज सकाळी आम्ही दोघं नदीवर जातो. अण्णा वल्ही मारतात, मी नळीत काठी खोवून दोरा सोडतो. दोऱ्याच्या टोकाला नुसतं शिसं असतं, गळ नसतो. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी माझ्यासाठी मोडलेला नियम वाया गेला, असं त्यांना वाटायला नको. मासा मिळाला का, हे अण्णांनी आजवर विचारलेलं नाही. दुसरीकडे बघत ते एवढंच विचारतात, "काठी हलत न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही, अण्णा," मी म्हणतो.