अर्धं ऊन

रोज सकाळी तोंड धुतलं की शकुनबाई कमरेच्या बटव्यातून धानाचा एक दाणा काढायची, उजव्या दाढेखाली धरायची आणि डोळे मिटून चावायची. तो आवाज नीट ऐकून झाला की दाणा थुंकून चुलीकडे वळायची.

मोहाडीजवळच्या त्या गावात, तळ्याच्या पाळीखाली, धानाची मळणी उरकली की लोक तिच्या ओसरीवर येत. बियाण्याचा धान ढोलीत भरायचा असे. शेणानं लिंपलेली ती बांबूची कणगी; तोंड एकदा बंद केलं की मृगापर्यंत उघडायची नाही. आत ओल राहिली तर बी मरायचं. धान ओला की सुका, एवढंच लोक विचारत. शकुनबाई दाणा चावायची आणि अजून किती वाळवायचं ते उन्हांच्या हिशोबात सांगायची. कोणाला तीन उन्हं, कोणाला एक. कधी नुसतं अर्धं ऊन, म्हणजे दुपार कलेपर्यंत. शेजारचा सोमाजी थट्टा करायचा, की माय, या घरी सून होऊन आलीस तेव्हा तुले किती उन्हं लागली? ती म्हणायची, "मी अजून ओलीच आहो बापा."

सन एक्क्याऐंशीच्या श्रावणात तिच्या उजव्या बाजूच्या उरलेल्या दोन दाढा भंडाऱ्याला जाऊन काढाव्या लागल्या. डाव्या बाजूच्या आधीच गेल्या होत्या. सून रुखमिणीला तिनं बजावलं, कोणाजवळ बोलायचं नाही. शकुनबाई तरुणपणीच विधवा झालेली. वर्षातले ते पंधरा दिवस सारं गाव तिच्या तोंडाकडे बघत बसे. ते तिला सोडवेना. महिनाभर ती पुढच्या दातांनी दाणे चावत राहिली. पुढचे दात दोनच गोष्टी सांगत. दाणा दबला म्हणजे ओला, तुटला म्हणजे सुका. मधलं सगळं गेलं होतं.

त्या हिवाळ्यात आभाळ भरून आलं आणि सोमाजी मूठभर धान घेऊन धावत आला. दोन एकरांचं सगळं बी खळ्यावर उघडं पडलं होतं. शकुनबाईनं दाणा पुढच्या दातांत धरला. तुटला. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिन्ही तुटले. तरी आत कुठंतरी ओल असावी असं तिला वाटत राहिलं. किती, ते कळेना.

"माय, भरू का नको?"

पाळीवर वीज चमकली. शकुनबाई म्हणाली, "भर."

उभ्या आयुष्यात तिनं असं एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. घरात वळताना रुखमिणी आपल्याकडे बघते आहे हे तिला दिसलं, आणि तिनं मान खाली घातली.

मृगात सोमाजीनं पऱ्हे टाकले, रोपांसाठी बी वाफ्यात पेरलं. आठ दिवसांनी वाफ्यात बोटावर मोजावीत इतकी पाती वर आली. शकुनबाई वाफ्यात बसून मातीत हात घालत राहिली. दाणे फुगून काळे पडले होते, दाबले की पिठासारखे पसरत. तिनं तिथंच सोमाजीला दाढांचं सांगून टाकलं. तो वाफ्याच्या कडेला बसला.

"सांगतलं असतं तं मी दोन दिस थांबलो असतो, माय. पावसात झाकून ठेवलं असतं."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. दुसऱ्यांचं बी मागायला तो गावोगाव हिंडला. जे मिळालं ते उशिराच्या वाणाचं निघालं, इतक्या मागून पेरून पिकणारं नव्हतं. पोळ्याच्या आधी बायको घेऊन तो नागपूरकडे कामाला गेला. वावर पडीक राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात ओसरीवर कोणी आलं नाही. कोणी टाकून बोललंही नाही. लोक आपापल्या दाढांनी चावून बघू लागले, आणि त्यांचं बी उगवलंही. सकाळचा दाणा शकुनबाईनं सोडला नाही. दाढांच्या जागच्या हिरड्यांत तो नुसता फिरत राहायचा. मात्र कशालाही सुकलं म्हणणं तिच्याकडून होईना. पापड, मोहफुलं, गोवऱ्या, लुगडं, सगळ्याला अजून ऊन हवं असायचं. रुखमिणी आधी वाद घालायची, मग सोडून दिलं. सोमाजीच्या बंद दाराकडे तोंड करून म्हातारी दिवसभर बसून राहायची.

सन शहाऐंशीच्या पौषात तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी रुखमिणीनं दोरीवरची वाकळ काढून आणली. चांगली कडकडीत वाळलेली, अजून गरम. अंगावर घालू का, असं तिनं विचारलं. शकुनबाईनं वाकळीचा काठ बोटांत धरला, बराच वेळ चोळला.

"अर्धं ऊन अजून राहू दे व," ती म्हणाली.