खुर्ची सोडायची नाही

वसतिगृहाच्या खोलीत आम्ही दोघीच राहायचो. मी जेमतेम, ती हुशार. तिला सगळे ‘उंट’ म्हणायचे. सकाळी कपभर चहा घेऊन विद्यापीठाच्या अभ्यासिकेत बसली की संध्याकाळीच उठायची, मध्ये पाण्याचा थेंब नाही. या नावाचा तिला राग नव्हताच, उलट ती ते मिरवायची.

अभ्यासिकेत खुर्च्या कमी आणि मुलं उदंड. बाटली आत न्यायला बंदी. मुलींचं स्वच्छतागृह पार पलीकडच्या इमारतीत, तेही बऱ्याचदा कुलूपबंद. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा कुठे ते देवालाच ठाऊक. खुर्ची जरा रिकामी दिसली की तिथली पुस्तकं खिडकीत ठेवून आपण बसायचं, हा नियम ग्रंथपालांचा नव्हे, आम्हा विद्यार्थ्यांचाच. मग मुलींनी उपाय काढला. प्यायचंच नाही, म्हणजे उठायला नको. सुंठीवाचून खोकला गेला, असं आम्हाला वाटायचं. इतक्या शिकलेल्या मुली आम्ही, आणि अक्कल ही एवढी.

परीक्षा जवळ आली तसं तिचं डोकं दुखायला लागलं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून ती गोळ्या आणायची आणि दिवसातून तीन-चार वेळा घ्यायची, त्याही कोरड्याच. मान मागे टाकायची, गिळायची, पुन्हा पुस्तकात.

“अगं, वर घोटभर पाणी तरी घे,” मी म्हणायचे.

“आणि मग जाऊ कुठे, तुझ्या घरी? पेपर संपू देत, विहीरच्या विहीर पिते बघ.”

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. तिचं मुंगीच्या पावलांनी आलं आणि तिनं ते अंगावर काढलं. पाय सुजले, तर सैल चप्पल घेऊन मोकळी झाली. मग अन्नावरची वासना उडाली. शेवटच्या पेपरच्या सकाळी तोंडही सुजलेलं होतं. मी दवाखान्यात चल म्हणून हात धरला, तर “पेपर देऊन येते” म्हणाली. दिलाही. येताना जिन्यात कोसळली.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. पोटात पाणी नाही आणि वर गोळ्यांचा मारा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिच्या वडिलांनी विचारलं, “आता भरपूर पाणी पाजलं तर?”

“आता उलटं आहे. लघवीच होत नाही, तर प्यायलेलं जाणार कुठे? फुप्फुसांत साठेल. दिवसाला दोन पेले, चहा-दूध धरून.”

निकाल लागला, ती पहिली आली. ते सांगायला मी तिच्या घरी गेले. तिनं ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली. मला भयंकर राग आला, पण नेमका कुणाचा ते कळेना.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लावलं. पेला तिरका धरून त्यांनी आवाज न होऊ देता पाणी ओतलं. “उन्हातून आलीस. इथेच पी. तिच्यासमोर आम्ही कुणी पीत नाही.”

मी पेला ओठांना लावला तोच तिच्या खोलीतून हाक आली.

“आई, कोण पाणी पितंय?”

“कुणी नाही गं, बाळा.”

“मी मागत नाहीये. गार आहे का, एवढंच सांग.”