नून म्हणजे मीठ

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. सकाळी उठली की तिच्या पापण्या सुजलेल्या दिसायच्या, रात्रभर रडल्यासारख्या. दुपारपर्यंत सूज उतरायची. संध्याकाळी मोजे काढले की पायावर रबराची खोल खूण राहायची. मी बोटाने दाबून पाहिले तर खळगा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला.

सासूबाई त्याच सुमारास साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

"बाळसं धरलंय पोरीनं," त्या म्हणाल्या. "कलकत्त्याचं पाणी मानवलं हो हिला! नाहीतर हिची आई बघा, काठीला लुगडं गुंडाळल्यासारखी."

पाणी मानवलं! हे शब्द आजही कुणी उच्चारले की माझे दात आवळतात. पाणीच होते ते. माझ्या लेकीच्या अंगात साठत होते.

ह्यांची सरकारी नोकरी फिरतीची. बालीगंजच्या घरात बहुतेक वेळ आम्ही तिघीच असायचो. लेकीला लघवी कमी होऊ लागली, आणि जी होई तिला साबणाच्या पाण्यासारखा फेस यायचा. मी ते सासूबाईंना सांगितले.

"पोरीच्या मोरीत डोकावत बसतेस? दुसरं काम नाही का तुला?"

पुढे फ्रॉकची बटणे पोटावर लागेनात, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. "चल डॉक्टरकडे," म्हणाल्या. "पण बोलेन मी. परक्या पुरुषापुढं तुझं तोंड उघडत नाही. आणि उघडलं तरी चौथी शिकलेल्या तोंडातून काय पडणार?"

माझे तोंड उघडत नव्हते हे खरे. आमच्याच मंडळींत मी चार वाक्ये कधी सलग बोलले नव्हते. दवाखान्यात त्या लेकीला घेऊन आत गेल्या आणि मी बाहेर बाकावर बसले. मध्ये नुसता पडदा होता. डॉक्टर वयस्कर बंगाली होते, त्यांचे हिंदी बंगालीत भिजलेले. त्यांनी लघवी काचेच्या नळीत घालून तापवली असावी, कारण सासूबाई मध्येच "अरे बापरे, हे तर दूध नासल्यासारखं झालं," असे म्हणाल्या. मग डॉक्टर खाण्यापिण्याचे सांगू लागले.

"मीठ चलेगा?" सासूबाईंनी विचारले.

"मीठा? हाँ हाँ, मीठा खूब चलेगा. शोंदेश दो, पायेश दो. नून एकदम बोंदो. एकदम!"

सासूबाई बाहेर आल्या त्या फुशारूनच. "मूत्रपिंडाचं दुखणं आहे. गोळ्या दिल्यात. मीठ चालेल म्हणाले, लोणी बंद."

मी घाबरत म्हणाले, "आई, नून म्हणजे मीठ. मी वाण्याकडून आणते ना नेहमी."

"लोणी गं, लोणी! इथं लोण्याला ननी म्हणतात. खालच्या बंगालीण बाई आपल्या बाळकृष्णाला ननीच दाखवतात. ह्या लोकांच्या तोंडात ननी काय नि नून काय, सगळं एकच."

"पण मीठा म्हणजे गोड..."

"मी समोर बसून ऐकलं की तू? आता चौथीतली पोर मला शिकवणार!"

त्या आल्यापासून स्वयंपाकघर त्यांचे झाले होते. स्वयंपाक सोवळ्यात, त्यामुळे मला भाजी चिरण्यापलीकडे आत काही करायची मुभा नव्हती. मी लेकीची भाजी मीठ घालण्याआधी वेगळी काढून घेत असे. त्या माझ्यादेखत तिच्यावर मीठ भुरभुरवायच्या. "अळणी घास लेकराच्या पुढं ठेवायचा? घरात कुणी गेलंय का?" वर पापड, वर लिंबाचे लोणचे. आणि दुधावरची साय मात्र न विसरता काढून ठेवायच्या, लोणी बंद ना!

लेक फुगतच गेली. एका सकाळी तिला आडवे झोपवेना. आडवी केली की धाप लागायची. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या. मी लेकीला उचलले, जिना उतरले आणि मिळाली त्या हातरिक्षात बसले. रांगेतल्या कुणालाही न विचारता पडदा सारून आत गेले.

डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "नून दिया?"

"हाँ," मी म्हणाले.

"केनो? हाम तो माना किया!"

मला हिंदी सुचेना. कसाबसा एकच शब्द बाहेर पडला. "सास."

त्यांनी स्वतः उठून टॅक्सी थांबवायला माणूस पाठवला आणि इस्पितळात द्यायची चिठ्ठी लिहिली.

इस्पितळात लेक बरेच दिवस होती. तिथल्या लेडी डॉक्टरांनी मला हळूहळू, हाताच्या खुणा करून समजावले. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळणी. हिच्या चाळणीची भोके मोठी झाली आहेत, त्यातून रक्तातले सत्त्व लघवीवाटे गळून जाते, तोच तो फेस. सत्त्व गेले की पाणी रक्तात न राहता अंगात झिरपते. लहान मुलांना हे का होते ते नीट कुणालाच माहीत नाही. मिठाने हा आजार आला का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, नाही. मीठ फक्त पाणी धरून ठेवते, सूज वाढवते. तुमच्या मुलीला धाप लागली ती त्या सुजेने.

फक्त! मी तेवढे 'फक्त' मनात धरून बसले.

हे फिरतीवरून धावत आले. लेकीला पाहिले, आईला पाहिले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "झालं ते झालं. आईचा जीव आहे नातीवर. आता तो विषय काढू नकोस."

मी नाही काढला. मी स्वयंपाकघर घेतले.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला काचेची नळी दिली होती. रोज सकाळी लेकीची लघवी नळीत घ्यायची, वरचा भाग तापवायचा, व्हिनेगरचा थेंब टाकायचा. नितळ राहिली तर ठीक, पांढरी झाली तर सत्त्व जाते आहे. पहिल्याच दिवशी मी पारोशी स्वयंपाकघरात शिरले आणि ज्या शेगडीवर सासूबाईंचा नैवेद्य शिजायचा तिच्यावर नळी धरली.

"अगं, अगं! मूत उकळतेस? माझ्या शेगडीवर?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"मग वेगळा दिवा आण की स्पिरिटचा!"

असा दिवा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत होता. मी तो आणला नाही. सासूबाई रोज शेगडी धुवायच्या, गोमूत्र शिंपडायच्या. मी रोज नळी उकळायची. लेकीचे मूत बाटवते आणि गाईचे शुद्ध करते, असे मनात यायचे आणि मला आतून हसू फुटायचे.

मीठ डॉक्टरांनी एकट्या लेकीचे बंद केले होते. मी सगळ्या घराचे केले. बरणी कपाटात, किल्ली कमरेला. हे कचेरीतच जेवून येऊ लागले. सासूबाई कुठे जाणार? अळणी आमटी, अळणी पालेभाजी, अळणी पिठले. एकादशीला त्यांनी उकडलेले बटाटे समोर घेतले आणि म्हणाल्या, "सैंधव तरी दे गं चिमूटभर. उपासाला चालतं."

"पोरीच्या डोळ्यांदेखत कसं खाल, आई?"

त्यांनी बटाटा तोंडात घातला आणि बराच वेळ नुसता घोळवत राहिल्या. मी वाढायच्या निमित्ताने समोरच उभी होते.

चैत्रात हळदीकुंकवाला आमच्या ओळखीच्या मराठी बायका आल्या. बालीगंजात जन्म गेलेल्या, बंगाली घडाघडा बोलणाऱ्या. सासूबाई पाटावर बसून ऐटीत पन्हे देत होत्या. मी ताटातली डाळ वाटता वाटता म्हणाले, "आमच्या आईंना पण बंगाली छान कळतं हं. आई, लोण्याला काय म्हणतात हो?"

"ननी ना!" एक जण म्हणाली.

"आणि नून?"

"नून म्हणजे मीठ. का गं?"

"काही नाही. आईंना विचारलं."

सासूबाईंच्या हातातला पेला कलंडला. त्या मंडळींत मी इतकी कधीच बोलले नव्हते. मला छान वाटले.

गोळ्यांनी लेकीला भूक लागायची, गाल गोल झाले होते. पण नळी नितळ येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या हळूहळू कमी करू. मात्र हे दुखणे सर्दीतापाच्या निमित्ताने पुन्हा उलटते, काही वर्षे सांभाळा. बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने थांबवू नका, आणि सूज आली की मीठ लगेच बंद.

पावसाळ्यात एका दुपारी मी गच्चीवरून कपडे घेऊन उतरले तर सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लेकीच्या तोंडात पापड होता.

"एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? खालच्या बाईंकडचा आहे. कोमेजलंय गं लेकरू."

मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. नंतर लेकीला सर्दी झाली, आणि त्यामागून एका सकाळी नळीत पांढरा साका उभा राहिला. डोळे पुन्हा सुजले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, हे सर्दीने उलटले आहे. पापडाने नव्हे. मी दोनदा विचारून घेतले.

संध्याकाळी ह्यांनी दारातच विचारले, "काय म्हणाले?"

"दुखणं उलटलं. आईंनी पापड दिला होता."

दोन्ही वाक्ये खरी होती. त्यांच्यामध्ये मी काही घातले नाही. ह्यांनीच ती जोडली. आत जाऊन आईशी काय बोलले ते मला ऐकू आले नाही, पण सासूबाईंचे रडणे आले. साताऱ्याला मोठ्या दिरांकडे त्यांना पोचवायचे ठरले.

गोळ्या वाढवल्या, लेकीला थोडे थोडे सुरू केलेले मीठ पुन्हा पूर्ण बंद झाले. ह्या खेपेला घरात कुणी चोरून भुरभुरवणारे उरणार नव्हते. त्या निघेपर्यंत लेकीची सूज उतरायला लागलीसुद्धा होती.

हावड्याला आम्ही सगळे गेलो. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटे कानशिलावर मोडली. चेहरा उतरला होता, कातडी लोंबत होती. मी डब्यात चढून त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"येते गं," त्या म्हणाल्या.

आमच्यात निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही. वैऱ्यालाही 'या' म्हणायचे असते.

मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "जा."

गाडी सुटायला अजून अवकाश होता. त्यांना नीट ऐकू जावे म्हणून मी आधीच म्हणाले.