दहा फुटांवरून, मास्क खाली

किस्से साठतात कसे, हे सुरतेतल्या आमच्या नवागाममध्ये कोणालाही ठाऊक आहे. लूमच्या कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात, आणि आसपास खाती असली की सुताची बारीक रुई हवेत तरंगत घरात येते. खाटेखाली, फ्रिजमागे, फोटोच्या चौकटीवर बसते. सकाळी झाडली तरी संध्याकाळी पुन्हा आहेच. साथीच्या सुरुवातीला खाती बंद पडली, रुई यायची थांबली आणि तिच्या जागी किस्से साठू लागले! मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून ऐकीव माल आधीच बाजूला काढला आहे. पुढे आहे ते आमच्या तीन मजली इमारतीत किंवा माझ्या डोळ्यांदेखत घडलेले.

* * *

आधी सुकलालनाना. आमच्या शेजारचे. तीस वर्षे लूमवर उभे राहून त्यांचे कान गेले, पण त्याने त्यांचे फारसे अडले नव्हते. खात्याच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. तिथे माणसे ओठ मोठे हलवून, आवाज न काढता बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. डबा घेऊन जाता जाता त्यांच्या पत्नी सिंधूकाकूही ती बोली शिकल्या. त्या दोघांची भांडणे आमच्या भिंतीपलीकडे तासन्‌तास चालत आणि आम्हाला फक्त भांडी आदळल्याचे ऐकू येई!

शेवटचे भांडण मात्र त्यांनी मुद्दाम मोठ्याने केले. साक्रीकडे माहेरी भाचीचे लग्न होते. नानांनी रजेचा शब्द दिला होता आणि ऐनवेळी दुसऱ्याची पाळी अंगावर घेतली. काकू पिशवी घेऊन पॅसेजमध्ये आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाय तू तुन्या मशीनसंगे! मी आते येत नही!"

थोड्याच दिवसांत सगळे बंद झाले. गाड्या, बस, जिल्ह्याची हद्द, सगळेच.

* * *

मध्यंतरी थाळ्या वाजवण्याची ती संध्याकाळ झाली. नानांनी काकूंची पितळी परात काढली. पाच मिनिटांत इमारत थांबली, गल्ली थांबली, दूरच्या सोसायट्याही थांबल्या. नाना डोळे मिटून, समाधी लागल्यासारखे वाजवत राहिले. थांबल्याचे त्यांना कळणार कसे?

अखेर वरच्या मजल्यावरचे बापू महाजन त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात हलवत म्हणाले, "नाना, बस! देश कवाच घरमा गया!"

परातीला मधोमध पोचा पडला होता. नानांनी तो अंगठ्याने चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी खरे घाबरलेले आमच्या इमारतीत ते एकटेच दिसले, आणि तेही साथीला नव्हे.

* * *

लूम थांबले त्या दुपारी कोणाला झोप येईना. इतक्या वर्षांच्या खडखडाटाखाली काय काय दडले होते, ते एकेक वर येऊ लागले. नळाची गळती, कबुतरांच्या पंखांची फडफड, कोणाच्या तरी घरातले भिंतीवरचे घड्याळ. पाण्याखालून बाहेर डोके काढावे तसे वाटत होते.

नानांना शांतता ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. ते अनवाणी पॅसेजमध्ये आले, उकिडवे बसले आणि फरशीवर तळवा ठेवला. खात्याची थरथर त्यांना जमिनीतून कळत असे. बराच वेळ त्यांनी हात हलवला नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, जमीन मरी गई."

तळमजल्यावर वानखेडेकाकू राहतात. त्या बुलढाण्याकडच्या, घरचे रेल्वेत. त्यांचा चार महिन्यांचा नातू जन्मापासून लूमच्या आवाजात झोपलेला. तो त्या शांततेत जो रडू लागला तो थांबेना. अंगाई झाली, खुळखुळा झाला. शेवटी काकूंनी त्याच्या पाळण्याशेजारी रिकामा मिक्सर सुरू केला. पोर डोळे मिटू लागले. काकूंनी बटण सोडले नाही.

"मिक्सर जळाला, मॅडम," त्यांनी मला अभिमानाने सांगितले, "पण पोट्टं झोपलं!"

* * *

मास्क आले आणि नानांचे जग एका दिवसात मुके झाले. दूधवाला, शेजारी, मी, सगळ्यांचे ओठ कापडाआड गेले. ते प्रत्येकाच्या डोळ्यांकडे बघत, आणि डोळ्यांवरून फार थोडे कळते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

म्हणून मी गच्चीवर नियम घालून दिला. मोजपट्टी आणली, खडू आणला आणि वर्तुळे आखली. दोन वर्तुळांमध्ये सहा फूट अंतर. एकट्यासाठी लहान वर्तुळ, जोडप्यासाठी मोठे. नानांशी बोलायचे असेल तर दहा फुटांवरून, मास्क खाली ओढून!

नानांचे वर्तुळ आखताना मी विचारले, "मोठं काढू? काकू आल्यावर लागेल."

नानांनी माझे ओठ वाचले, थोडा वेळ खडूकडे पाहिले आणि म्हणाले, "आते एकनंच काढ."

* * *

औषध आणायला मी एका सकाळी पर्वत पाटियाला गेले. एरवी जिथे कापडाच्या गठ्ठ्यांच्या टेम्पोंतून पायी वाट काढणे अवघड, तिथे चौकाच्या मधोमध एक गाय झोपली होती. सिग्नल कोणासाठी तरी हिरवा होत होता, पिवळा होत होता, लाल होत होता. उन्हात सगळे धुऊन ठेवल्यासारखे दिसत होते.

लाल दिवा होता, म्हणून मी स्कूटर थांबवली. चारही रस्त्यांवर माणूस नाही. गाय उठली, आळस दिला आणि सावकाश उधनाच्या बाजूने निघून गेली. सावलीतला पोलीस शेवटी खुर्चीतून उठला.

"बेन, कोना माटे ऊभा छो?"

"सिग्नलसाठी. लाल आहे ना," मी म्हटले.

त्याने सिग्नलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हात जोडले. "जाव बेन. गाय पण गई!"

* * *

बातम्यांचे खाते बापूंकडे. त्यांनी टीव्ही दारात ओढून पडदा पॅसेजकडे वळवला होता, म्हणजे अंतर राखून सगळ्यांना पाहता येई. आवाज मात्र असा, की कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुवायची की गरम पाण्यात यावरचा वाद तिसऱ्या गल्लीपर्यंत जाई. बापूंनी दोन्ही उपाय केले. त्या दिवशीच्या वरणाला फेस आला.

पांडेसऱ्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यांमागून जी खाडी वाहते, तिचे पाणी रोज निराळ्या रंगाचे असे. वानखेडेकाकू तिच्याकडे बघून यंदा साड्या कोणत्या रंगाच्या निघणार, ते सांगत आणि त्या चुकल्याचे मला आठवत नाही. कारखाने थांबले आणि काही आठवड्यांनी खाडीत तळाचे दगड दिसू लागले. संध्याकाळचे गुलाबी आभाळ त्या पाण्यात पहिल्यांदा आपल्याच रंगात पडले होते. आम्ही पुलावर अंतर ठेवून नुसते उभे राहिलो.

बापू अस्वस्थ झाले. "मॅडम, पाण्याला कायबी रंगच नही! बिघडेल दिसतंय!"

त्यांनी मोबाइलवर चित्रण करून ते कुठल्याशा वाहिनीला पाठवले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरे : 'विषाणूमुळे पाण्याचा रंग उडाला?' त्या दिवसांत प्रश्नचिन्ह हाच वाहिन्यांचा मास्क होता. तो लावला की काहीही बोलायची मोकळीक.

* * *

सिंधूकाकूंच्या भावाकडे साधा, चित्र न दिसणारा फोन होता. वानखेडेकाकू तो लावत, तिकडचे ऐकत आणि मास्क खाली करून दहा फुटांवरून नानांना सांगत. जेवलात का? जेवलो. गुडघा कसा आहे? बरा आहे. परातीचा पोचाही वानखेडेकाकूंनी परस्पर सांगून टाकला!

नाना दर वेळी म्हणत, "तिले इचारा..." आणि थांबत. जे विचारायचे होते, ते वानखेडेकाकूंच्या तोंडून विचारले असते तर अर्ध्या नवागामला कळले असते.

एकदा गच्चीवर कोणी नसताना त्यांनी मला विचारले, "ताई, तू शिकेल शे, सांग. ती लॉकडाउनमुळे येत नही, का मन्हामुळे?"

मी मास्क खाली केला आणि खरे तेच सांगितले. "नाना, दोन कारणं एकाच वेळी हजर असली, की कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगता येत नाही. एक कारण उठलं, की दुसरं कळेल."

"म्हंजे?"

"लॉकडाउन उठल्यावर."

"तोपर्यंत मी मरी जासू," नाना शांतपणे म्हणाले आणि आभाळाकडे बघत बसले. धूर नसल्यामुळे त्या दिवसांत चांदण्या फार लवकर दिसत. माझे उत्तर अचूक होते. इतके निरुपयोगी अचूक उत्तर मी आयुष्यात दुसरे दिलेले नाही.

* * *

पुढे फोनवर भावाने कळवले, की सुरतेहून आलेल्यांना चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवले आहे, कधीच्याच आलेल्या काकूंनाही नेले. तिथे फोन नाही. सहा दिवस काहीच कळले नाही. नाना गच्चीवर येईनासे झाले.

सातव्या दिवशी संध्याकाळी बापूंचा टीव्ही चालू होता आणि नाना पॅसेजच्या टोकाला भिंतीला टेकून उभे होते. कुठल्याशा शाळेच्या फाटकाबाहेर एक वार्ताहर लांब काठीला माइक बांधून उभा होता. माइक व्हरांड्यातल्या बायकांपुढे मासेमारीच्या गळासारखा डोलत होता. एक म्हणाली, डाळ पातळ आहे. दुसरी म्हणाली, पंखा नाही. मग माइक तिसरीपुढे गेला.

"अरे, सिंधूकाकू!" बापू ओरडले.

"ताई, भीती वाटते का?" वार्ताहराने विचारले.

काकूंनी माइककडे पाहिले नाही. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि बोलू लागल्या. ओठ मोठे, स्पष्ट, एकेक शब्द सुटा. आवाज मात्र अजिबात नाही!

वार्ताहराने माइक आपटून पाहिला. स्टुडिओतला निवेदक उभा राहिला. ढोल वाजले, पडदा लाल झाला : 'दहशतीने महिलेची वाचा गेली!' एका चौकटीत डॉक्टर आले आणि भीतीने स्वरयंत्रावर काय परिणाम होतो, ते समजावू लागले. दुसऱ्या चौकटीत काकू पुन्हा पहिल्यापासून बोलू लागल्या.

"बाप्पा, सिंधूची वाचा गेली वं!" वानखेडेकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

नाना पुढे आले होते. वाहिनीने ते चित्रण आमच्या समोर अकरा वेळा दाखवले, मी मोजले. पहिल्या दोन वेळा नाना नुसते बघत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी मास्क खाली ओढला आणि पडद्याला उत्तर दिले. तसेच, आवाज न काढता. चौथ्या वेळीही. पाचव्या वेळी त्या जिथे श्वास घ्यायला थांबल्या, नेमके तिथे नाना बोलले आणि मग त्या पुन्हा बोलू लागल्या.

"रडू नका," नाना वानखेडेकाकूंना म्हणाले. "ती बोलनी."

"काय बोलल्या?" आम्ही तिघांनी एकदम विचारले.

नानांनी मास्क नाकापर्यंत वर ओढला.

अकरा वेळा पाहून मला एकच शब्द ओळखता आला. परात.

* * *

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले, तर नानांचे वर्तुळ ओल्या फडक्याने पुसलेले आणि तिथे नवे आखलेले. वेडेवाकडे, एका बाजूला फुगलेले, माझ्या वर्तुळापासून जेमतेम चार फुटांवर आलेले. मधोमध नाना बसले होते. बोटांना खडू, गालांवर ताज्या दाढीचे दोन काप.

मी दहा फूट मागे सरले आणि मास्क खाली केला. "नाना, हे काय? जोडप्याचं वर्तुळसुद्धा एवढं नसतं!"

नानांनी माझे ओठ नीट वाचले. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे एकदा मान वळवून पाहिले.

"ताई," ते म्हणाले, "ती जरा जाडी शे!"